कापडी टपाच्या जुन्या स्पोर्ट्स कारची समोरची काच कशी बदलावी

बंद गाडीची समोरची काच पत्र्याच्या चौकटीत बसलेली असते. वर छप्पर, दोन्ही बाजूंना खांब, सगळीकडून आधार. कापडी टपाच्या जुन्या स्पोर्ट्स कारमध्ये नेमकं उलट असतं. तिथे काच आपल्या फ्रेमसकट एकटी उभी असते आणि बाकीचे भाग तिच्या आधाराने राहतात. टपाचे हूक फ्रेमच्या वरच्या पट्टीत अडकतात, दाराच्या काचेची पुढची कड फ्रेमच्या खांबाला टेकते, काही गाड्यांत आतला आरसाही फ्रेमच्या मधल्या दांडीवर असतो. म्हणून काच नवी बसली, स्वच्छ दिसली, पण फ्रेम दोन-तीन मिलिमीटर मागे कलली, तर टप ओढूनही लागत नाही आणि दाराच्या फटीतून पाणी आत येतं. हे काम काचेचं कमी आणि फ्रेमचं, रबराचं आणि मापाचं जास्त आहे. पहिल्यांदा करणाऱ्याने एवढं आधीच धरून चाललं, तर पुढचा बराचसा त्रास वाचतो.

पाना धरता येतो, स्क्रू सोडवता येतो आणि मदतीला एक माणूस आहे, अशा वाचकासाठी हा लेख आहे. मदतनीस लागतोच. काढताना एकट्याने भागेल असं वाटतं, पण फ्रेम पुन्हा चढवताना चार हातही कमी पडतात.

काच कशात बसली आहे ते आधी पाहा

जुन्या उघड्या गाड्यांत मुख्यतः दोन पद्धती दिसतात. पहिल्या पद्धतीत काचेभोवती धातूची फ्रेम असते, फ्रेमच्या खाचेत रबर आणि रबरात काच. अख्खी फ्रेम बोल्टने गाडीला जोडलेली असते. एमजी या ब्रिटिश कंपनीची एमजीबी रोडस्टर (कापडी टपाची उघडी गाडी) हे याचं सर्वांत परिचित उदाहरण. १९६२ ते १९८० अशी अठरा वर्षं ही गाडी बनत होती, त्यामुळे तिचे सुटे भाग आजही सहज मिळतात. तिच्याआधीच्या एमजीएची रचनाही याच वळणाची. दुसऱ्या पद्धतीत पत्र्याच्या कडेवर जाड रबरी गॅसकेट चढवलेलं असतं आणि त्याच्या खाचेत काच बसते. बाहेरून बहुधा एक चकचकीत पट्टी असते. ट्रायम्फ स्पिटफायरची काच अशी बसते. ट्रायम्फच्या टीआर ४ ते टीआर ६ या गाड्यांत दोन्हींचं मिश्रण आहे: फ्रेम बोल्टवर सुटते, पण काच तिच्यात गॅसकेटने धरलेली असते. त्यामुळे तिथे नुसती काच बदलायची असेल तर फ्रेम न काढताही काम होऊ शकतं.

गोंदाने चिकटवलेली काच ही तिसरी पद्धत. ती अलीकडच्या गाड्यांत येते, उदाहरणार्थ १९८९ पासूनच्या माझदा एमएक्स-५ मध्ये. ती कापून काढायची आणि पुन्हा चिकटवायची हत्यारं वेगळी असतात आणि ते काम काचवाल्याकडेच द्यावं. इथे त्याबद्दल आणखी लिहीत नाही.

मी पुढे एमजीबीसारख्या फ्रेमवाल्या काचेवर जास्त वेळ घालवणार आहे, कारण अडचणी तिथेच जास्त येतात. गॅसकेटची पद्धत त्यानंतर. कोणतीही गाडी असली तरी तिच्या मॉडेलचं वर्कशॉप मॅन्युअल मिळवा. बोल्ट किती आणि कुठे, कोणती पट्टी आधी आणि कोणती नंतर, हे मॉडेलगणिक बदलतं.

काच आणि रबर मागवताना

त्या काळात दोन प्रकारच्या काचा लावल्या जात. टफन्ड काच एकसंध असते, फुटली की तिचे बारीक खडे होतात. समोर ती असली तर एका दगडाने अख्खी काच क्षणात पांढरी होते आणि रस्ता दिसेनासा होतो. लॅमिनेटेड काच म्हणजे दोन काचा आणि त्यांच्यामध्ये प्लास्टिकचा पातळ पडदा. ती तडकते, पण जागेवर राहते. ही कल्पना फ्रेंच रसायनज्ञ एदुआर बेनेदिक्तुस यांची. १९०९ मध्ये त्यांनी तिचं पेटंट घेतलं. तरी त्यानंतर कित्येक दशकं युरोपातल्या अनेक गाड्या टफन्ड काच लावूनच कारखान्याबाहेर पडत राहिल्या. तुमच्या गाडीला मुळात टफन्ड काच असली तरी नवी घेताना लॅमिनेटेडच घ्या. गाडी मूळ रूपात राखण्याचा आग्रह मला समजतो, पण उघड्या गाडीत चेहऱ्यासमोर काय आहे, याबाबत मी तो आग्रह धरणार नाही.

काचेच्या कोपऱ्यात कोरलेली खूण वाचा. तिथे लॅमिनेटेड किंवा टफन्ड असं लिहिलेलं असतं, नाहीतर मानकाची खूण असते. अमेरिकी मानकाप्रमाणे समोरच्या काचेवर 'एएस १' ही खूण हवी. 'एएस २' लिहिलेली काच बाजूच्या खिडक्यांसाठी असते, ती समोर चालत नाही.

लॅमिनेटेडकडे वळताना जाडी तपासायची राहून जाते. जुनी टफन्ड काच आणि नवी लॅमिनेटेड काच यांच्या जाडीत अर्ध्या-पाऊण मिलिमीटरचा फरक सहज निघतो. फ्रेमच्या खाचेची रुंदी ठरलेली आहे. त्यामुळे काच जाड आली तर रबर पातळ लागतं. काच आणि रबर एकाच ठिकाणाहून, एकमेकांसाठी म्हणून विकत घ्या. काच एका दुकानाची आणि रबर दुसऱ्याचं घेतलं, की फ्रेम मिटतच नाही आणि दोष नेमका कशाचा तेही कळत नाही.

ऑर्डर देताना मॉडेलचं पूर्ण नाव सांगा. एमजीबी रोडस्टर आणि बंद छपराची एमजीबी जीटी यांचं नाव जवळपास एकच, पण काचा वेगळ्या आणि बसवण्याची पद्धतही वेगळी. एमजीच्या टी मालिकेसारख्या आणखी जुन्या गाड्यांना सपाट काच असते. तिथे काम सोपं आहे: जुन्या काचेचा कागदी साचा काढून काचवाल्याकडून लॅमिनेटेड काच कापून घेता येते. टफन्ड काच मात्र एकदा तयार झाली की कापता येत नाही, कापायला गेलं की तिचा चुरा होतो.

काचेबरोबर फ्रेमच्या आतलं रबर, फ्रेम आणि गाडीचा पत्रा यांच्यामधलं खालचं रबर, खांबांच्या पायाशी असणारी रबरं आणि स्क्रूचा पूर्ण संच मागवा. जुनं रबर वरून ठीक दिसलं तरी ते पुन्हा वापरू नका. वर्षानुवर्षं दबून त्याने आपला आकार घेतलेला असतो आणि तो नव्या काचेशी जुळत नाही.

काढण्याआधीची तयारी

बॅटरीची तार काढा. खांबांचे बोल्ट डॅशबोर्डच्या टोकांआड असतात आणि तिथे उघड्या टोकांच्या तारा हाताला लागतात. १९६७ पर्यंतच्या एमजीबीत धन टोक अर्थला जोडलेलं असतं आणि १९७० च्या दशकाच्या मध्यापर्यंत या गाडीला सीटांमागे सहा-सहा व्होल्टच्या दोन बॅटऱ्या होत्या. तेव्हा सवयीने तार ओढण्याआधी कोणतं टोक बॉडीला गेलं आहे ते बघून घ्या.

वायपर कुठे थांबतात तिथे काचेवर टेपची खूण करा आणि त्या खुणेसकट फोटो काढा. मग वायपरचे हात काढा. बॉनेटवर आणि डॅशबोर्डवर जाड ब्लँकेट घाला. आता काचेच्या खाली, डॅशबोर्डवर, गरम हवेची जी फट असते ती टेपने पूर्ण बंद करा. हे काम मिनिटाभराचं आहे आणि नवखे लोक हमखास विसरतात. काच फुटलेली असेल तर फटीत खडे आधीच गेलेले असतात. ते व्हॅक्यूमने जमतील तेवढे ओढून घ्या. काम संपल्यावर पहिल्यांदा ब्लोअर लावताना डोळ्यांना चष्मा आणि फटीवर कापड हवं, कारण राहिलेला खडा त्या हवेबरोबर थेट तोंडावर येतो.

काही मोजमापंही आत्ताच घ्यावी लागतात. टप लावून, दाराच्या काचा वर करून, फ्रेमचा खांब आणि दाराच्या काचेची कड यांच्यामधली फट वर, मध्ये आणि खाली मोजा. दोन्ही बाजूंचे आकडे लिहून ठेवा. फ्रेम किती कललेली होती याचा हा एकमेव पुरावा असतो आणि फ्रेम निघाली की तो नाहीसा होतो. काच फुटलेली असली तरी फ्रेम सरळ असेल, तर ही मोजमापं घेता येतात.

फ्रेम सोडवणं

आधी मधली दांडी. तिचा खालचा कंस बॉनेटमागच्या पत्र्यावर स्क्रूने बसलेला असतो. मग खांबांकडे वळा. एमजीबीत प्रत्येक खांबाचा पाय पत्र्याच्या आत खोल उतरतो आणि आतल्या बाजूने आडव्या बोल्टने धरलेला असतो. पुढच्या बोल्टपर्यंत पाना पोचायला डॅशबोर्ड मोकळा करून थोडा मागे ओढावा लागू शकतो. लांब एक्स्टेन्शन आणि वाकणारा जोड असलेलं सॉकेट जवळ ठेवा. या काळातल्या ब्रिटिश गाड्यांना इंची पाने लागतात. मिलिमीटरचा पाना जवळपास बसतो आणि नेमका जोर लावताच बोल्टचे कोपरे गोल करून टाकतो.

बोल्ट बाहेर आला की लगेच पुठ्ठ्यावर गाडीचं ढोबळ चित्र काढून त्याच जागी तो खोचून ठेवा. पाय आणि पत्रा यांच्यामध्ये पॅकिंगच्या पातळ पट्ट्या निघतील. त्या कारखान्यात त्या विशिष्ट गाडीसाठी बसवलेल्या असतात आणि डाव्या-उजव्या सारख्या असतीलच असं नाही. डावी-उजवी, पुढची-मागची असं लिहून त्या जपून ठेवा.

फ्रेम उचलताना एकाने एका खांबाजवळ आणि दुसऱ्याने दुसऱ्या खांबाजवळ धरून सरळ वर उचलायची. एक पाय आधी आणि दुसरा नंतर असं केलं की फ्रेमला पीळ पडतो. रबराने पत्रा धरून ठेवला असेल तर प्लास्टिकची पातळ पट्टी साबणाच्या पाण्यात बुडवून रबराखालून फिरवा.

स्क्रू, आणि तिथे लागणारा संयम

फ्रेम टेबलावर आली की काम सोपं वाटू लागतं, पण सगळ्यात जास्त वेळ इथेच जातो. फ्रेम अॅल्युमिनियमच्या मिश्रधातूची आणि तिचे तुकडे जोडणारे स्क्रू पोलादी. दोन वेगळे धातू ओलाव्यात एकमेकांना चिकटून राहिले की अॅल्युमिनियम झिजतं आणि त्याची पांढरी भुकटी होते. ती भुकटी मूळ धातूपेक्षा जास्त जागा घेते, त्यामुळे स्क्रू आट्यांमध्ये आवळला जातो. चाळीस-पन्नास वर्षं पाणी खाल्लेल्या फ्रेममध्ये एकही स्क्रू अडला नाही, असं क्वचितच होतं.

आधी स्क्रूचं डोकं साफ करा. टोकदार सुईने खाचेतली घाण आणि पॉलिश काढा आणि खाच नीट पाहा. फुलीच्या चार फाट्यांमध्ये आणखी चार बारीक रेघा दिसल्या तर तो पोझीड्राइव्ह स्क्रू आहे. साधा फिलिप्स स्क्रूड्रायव्हर त्यात बसल्यासारखा वाटतो, पण जोर लावला की वर सरकतो आणि खाच खाऊन टाकतो. त्या काळच्या ब्रिटिश गाड्यांत पोझीड्राइव्ह सर्रास असतात. बरोबर मापाचा, धार न गेलेला स्क्रूड्रायव्हर हे या कामातलं सर्वांत महत्त्वाचं हत्यार आहे.

मग पेनिट्रेटिंग ऑइल (अडकलेल्या आट्यांत झिरपणारं पातळ तेल) टाका आणि रात्रभर सोडून द्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा टाका. सोडवण्याआधी स्क्रूड्रायव्हर खाचेत धरून वर हातोडीचे हलके ठोके द्या, त्याने भुकटी सैल होते. आधी किंचित आवळायचा, मग सोडवायचा. असं पुढे-मागे करत आटे मोकळे होतात. तरी हलला नाही तर उष्णता द्या. अॅल्युमिनियम गरम झाल्यावर पोलादाच्या जवळपास दुप्पट प्रसरण पावतं, म्हणून भोक स्क्रूपेक्षा जास्त मोठं होतं आणि पकड सुटते. मात्र हॉट एअर गन वापरा, ज्योत नको. काच पुन्हा वापरायची असेल तर काचेजवळ उष्णता द्यायचीच नाही. पेनिट्रेटिंग ऑइल लावलेला भाग आधी पुसून कोरडा करा, ते पेट घेतं.

डोकं खराब झालंच तर ड्रिलने फक्त डोकं उडवा. स्क्रूच्या दांड्याइतक्या जाडीचं ड्रिल डोक्यात मधोमध घातलं की डोकं सुटून येतं, फ्रेमचे तुकडे वेगळे होतात आणि उरलेला दांडा बाहेर डोकावतो. त्याला पकडीने धरून फिरवता येतं. हे अख्खा स्क्रू ड्रिल करण्यापेक्षा कितीतरी बरं. पोलादावर घसरलेलं ड्रिल शेजारच्या मऊ अॅल्युमिनियममध्ये शिरतं आणि भोक वाकडं होतं. आटे गेले असतील तर टॅप (आटे पाडायचं हत्यार) मारून मोठा स्क्रू किंवा आट्यांची इन्सर्ट (आतून आटे असलेली छोटी नळी) बसवता येते.

नवे स्क्रू लावताना आट्यांवर अँटी-सीझ (आटे चिकटू न देणारा लेप) लावा. स्टेनलेसचे स्क्रू घेतले म्हणून प्रश्न मिटत नाही. स्टेनलेसमुळेही अॅल्युमिनियम झिजतंच, फक्त स्क्रू गंजलेला दिसत नाही.

फ्रेम तपासा, मग काच बसवा

तुकडे सुटे झाले की खाचा आतून साफ करा. लाकडी किंवा प्लास्टिकच्या पट्टीने जुनं रबर आणि मॅस्टिक (फटी बुजवायचा चिकट लेप) खरवडून काढा, मग बोट नव्हे, जुना टूथब्रश फिरवा. खाचेत राहिलेला काचेचा एक कण किंवा आत डोकावणारं स्क्रूचं टोक नव्या काचेच्या कडेला टेकलं की तिथून तडा जातो. तोही लगेच नाही, काही दिवसांनी, उन्हात उभ्या गाडीत. दगड लागल्याची खूण नसताना कडेतूनच निघालेला तडा दिसला, तर समजावं की आत काहीतरी टोचत होतं किंवा फ्रेमला पीळ होता.

म्हणून आता रबराशिवाय कोरडी जुळणी करा. फ्रेम हाताने सैल जोडा आणि दोन्ही कर्ण मोजा. ते सारखे यायला हवेत. मग काच वरच्या आणि खालच्या पट्टीला लावून वक्र जुळतो का पाहा. नव्या काचांचा वक्र मूळ काचेशी तंतोतंत जुळेलच असं नाही. मधोमध किंवा टोकांना फट बरीच कमी-जास्त येत असेल तर काच परत करा. ती ओढून बसवायची नाही. जुनी काच शाबूत असेल तर दोन्ही काचा एकमेकींवर ठेवून बघणं हा उत्तम पडताळा आहे.

काच हाताळताना ती कडेवर, गालिच्यावर किंवा लाकडाच्या दोन पट्ट्यांवर उभी ठेवा. कोपरा फरशीला लागला तर टफन्ड काच तिथेच संपते आणि लॅमिनेटेड काचेला नंतर वाढणारी चीर पडते. जाड हातमोजे घाला.

आता यू आकाराचं रबर काचेच्या कडेवर चढवायचं. रबर कोमट पाण्यात थोडा वेळ ठेवलं की मऊ होतं. ते अजिबात ताणायचं नाही. ताणून बसवलेलं रबर हळूहळू आपल्या लांबीवर परत येतं आणि जोडाच्या जागी फट पडते. जोड कोपऱ्यात न ठेवता सरळ भागात ठेवा आणि दोन्ही टोकं एकमेकांना दाबतील एवढं रबर किंचित लांब कापा. चढवलेलं रबर जागोजागी मास्किंग टेपने काचेला धरून ठेवा.

वंगण म्हणून साबणाचं पाणी किंवा ग्लिसरीन वापरा. ग्रीस किंवा इंजिन ऑइल चुकूनही नको, बहुतेक नवी रबरं त्याने फुगतात. गाडीचं रंगकाम बाकी असेल तर सिलिकॉन स्प्रेही लांब ठेवा. त्याचा थर राहिलेल्या जागी रंग धरत नाही.

आधी खालची पट्टी दाबून बसवा, मग वरची, मग दोन्ही बाजूंचे खांब. मधून सुरुवात करून टोकांकडे जायचं. पट्टी पूर्ण शिरत नाही म्हणून हातोडी घेऊ नका. सामान बांधायचा रॅचेटवाला पट्टा अख्ख्या फ्रेमभोवती गुंडाळा, कोपऱ्यांत कापडाच्या घड्या घाला आणि रॅचेट एक-एक दात पुढे घ्या. प्रत्येक दातानंतर थांबून चारही कोपरे पाहा. रबर पिळवटून खाचेबाहेर आलं असेल तर पट्टा सैल करून ते परत आत घाला. असं करताना रबरातून साबणाचं पाणी बाहेर झिरपताना दिसतं आणि फ्रेम केसाएवढी केसाएवढी मिटत जाते. स्क्रूची भोकं समोरासमोर आली की सगळे स्क्रू आधी दोन-तीन आटे हाताने घाला आणि मगच क्रमाने आवळा. एक पूर्ण आवळला की दुसऱ्याचं भोक सरकतं.

बाहेर आलेलं जास्तीचं रबर लगेच कापू नका. एक दिवस जाऊ द्या, रबर आत बसू द्या, मग ओल्या धारदार ब्लेडने फ्रेमच्या कडेला समांतर कापा.

गाडीवर चढवणं

खालच्या पट्टीला तळाशी आणखी एक खाच असते, त्यात पत्र्यावर टेकणारं रबर एका टोकातून सरकवायचं. हे फ्रेम गाडीवर ठेवण्याआधी करायचं असतं. रबराचा रुंद ओठ बाहेरच्या बाजूला आला पाहिजे. दोन्ही टोकं जराशी लांब ठेवा.

फ्रेम दोघांनी उचलून दोन्ही पाय एकाच वेळी आत उतरवा. आता नवं रबर फ्रेमला वर ढकलणार आणि बोल्टची भोकं जुळणार नाहीत. एमजीबीवर काम केलेल्या कोणालाही विचारा, सगळ्यात जास्त कुरकुर याच पायरीची ऐकू येईल. गाडी आणि रबर दोन्ही उन्हात गरम होऊ दिली तर रबर बरंच नमतं. मदतनिसाने वरच्या पट्टीच्या मध्यावर भार न देता दोन्ही टोकांना, खांबांच्या बरोबर वर, तळहाताने दाबायचं. मध्यावर दाबलं तर तो सगळा जोर काचेवर येतो. दुसऱ्याने आतून निमुळती दांडी किंवा पातळ स्क्रूड्रायव्हर एका भोकात घालून ते जुळवायचं आणि शेजारच्या भोकात बोल्ट बोटांनी फिरवायचा. पान्याने सुरू केलेला बोल्ट आट्यात तिरका जाऊ शकतो, आणि त्या खोबणीतले आटे दुरुस्त करणं फार कष्टाचं आहे.

पॅकिंगच्या पट्ट्या आपापल्या जागी गेल्या का ते बघा. सगळे बोल्ट सुरू झाले की ते अर्धवट आवळून थांबा. रबराचा ओठ आत दुमडला असेल तर प्लास्टिकच्या चपट्या तुकड्याने तो बाहेर काढा.

आता ती लिहून ठेवलेली मोजमापं काढा. दारं बंद करा, काचा वर घ्या, फट मोजा. टप लावा. हूक नेहमीच्या जोराने लागले पाहिजेत. फ्रेम पुढे किंवा मागे करायची असेल तर पॅकिंग कमी-जास्त करून आत्ताच करा. सगळं जुळल्यावर डावा एक, उजवा एक, अशा क्रमाने बोल्ट शेवटपर्यंत आवळा आणि पुन्हा एकदा टप लावून पाहा.

मधली दांडी सगळ्यात शेवटी. ती फ्रेमच्या वरच्या पट्टीला स्थिर ठेवते, खाली ओढायला नसते. आरसा हलणार नाही एवढाच ताण द्या. जास्त आवळली तर वरची पट्टी मध्ये वाकते आणि काच तिच्याबरोबर.

गॅसकेटमध्ये बसणारी काच

इथे जुनं रबर वाचवायचा विचार सोडून द्या. चकचकीत पट्टी हळूच काढा, ती मात्र जपा. मग रबराचा बाहेरचा ओठ ब्लेडने कापा. आतून वरच्या कोपऱ्यावर सपाट तळवा ठेवून दाबा आणि बाहेर मदतनिसाला काच झेलायला सांगा.

रबर निघालं की पत्र्याची कड उघडी पडते आणि तिथे बहुधा गंज असतो. तो धातूपर्यंत घासा, प्रायमर आणि रंग द्या, रंग पूर्ण कडक होऊ द्या. या कडेवर घाई केली तर नवं रबर गंजाच्या पापुद्र्यावर बसतं आणि गळती पहिल्याच पावसात सुरू होते.

नवं गॅसकेट काचेवर चढवा. पत्र्यावर बसणाऱ्या खाचेत चार-पाच मिलिमीटर जाडीची गुळगुळीत दोरी सगळीकडून भरा. तिची टोकं खालच्या बाजूला मधोमध एकमेकांवरून नेऊन आत सोडा. खाचेला साबणाचं पाणी लावा. काच बाहेरून जागेवर ठेवा. मदतनीस बाहेरून तळहातांनी दाबत राहील आणि तुम्ही आत बसून दोरीचं एक टोक काचेच्या मध्याकडे हळूहळू ओढाल. दोरी बाहेर येते तसा रबराचा आतला ओठ पत्र्यावरून पलटून आत येतो. जिथे ओढताय तिथेच मदतनिसाचा हात हवा, म्हणून एकमेकांशी बोलत राहा. ओठ अडकला तर दोरी जोराने ओढू नका, ती रबर फाडते. प्लास्टिकच्या पट्टीने ओठ उचला आणि मग पुढे जा.

चकचकीत पट्टी काही गाड्यांत काच बसल्यावर, एका खास हत्याराने रबराची खाच उघडत घालतात. काही गाड्यांत ती आधीच रबरात घालून मग काच चढवावी लागते, जशी फोक्सवॅगन बीटलमध्ये. हा क्रम मॅन्युअलमध्ये पाहिल्याशिवाय काच उचलू नका.

गॅसकेट आणि पत्रा यांच्यामध्ये न सुकणारं विंडशील्ड मॅस्टिक भरा. साधं, व्हिनेगरसारखा वास येणारं सिलिकॉन इथे वापरू नका. सुकताना त्यातून ॲसिटिक आम्ल सुटतं आणि ते पत्रा खातं. शिवाय पुढच्या वेळी ते काढणं जिकिरीचं होतं.

पाणी आणि पुढचे काही आठवडे

पाण्याची परीक्षा प्रेशर वॉशरने घेऊ नका. साध्या नळीने, हलक्या धारेने, खालून सुरुवात करून वर जा. एकेका भागावर दोन-तीन मिनिटं पाणी सोडा आणि आत बसलेल्या माणसाला टॉर्चने बघायला सांगा. एकदम वरून पाणी सोडलं तर सगळीकडूनच ओघळ येतात आणि नेमकं कुठून आलं ते सापडत नाही. पाणी पायाशी गालिच्यावर दिसलं तरी ते शिरलेलं असतं बहुधा खालच्या रबराच्या टोकाशी, खांबाच्या पायाजवळ. त्या जागी थोडं मॅस्टिक चालतं; अख्ख्या फ्रेमभोवती लेप देऊ नका.

वायपरचे रबर नवेच लावा. आधीची काच फुटलेली असेल तर जुन्या रबरात तिचे कण रुतलेले असतात आणि पहिल्याच फेरीत ते नव्या काचेवर अर्धगोल चरे पाडतात. हात टेपच्या खुणेवर परत बसवा, काच ओली करून वायपर चालवा आणि ते फ्रेमला घासत नाहीत ना ते पाहा. १९६० च्या दशकाच्या अखेरीपासून अमेरिकेसाठी बनलेल्या एमजीबी रोडस्टरला तीन वायपर असतात. तिथे तिन्ही हात एकाच कोनात थांबताहेत ना, हेही बघावं लागतं.

नवं रबर दबत जातं, म्हणून दोन-तीन आठवडे गाडी चालवल्यावर खांबांचे बोल्ट आणि फ्रेमचे स्क्रू पुन्हा तपासा. सगळे थोडेसे सैल झालेले आढळतील. तेव्हा आवळून झाले की खालच्या रबराची लांब ठेवलेली टोकं कापा आणि डॅशबोर्ड पूर्ण बसवा. त्याआधी बसवला तर त्या पुढच्या बोल्टसाठी तो पुन्हा सोडवावा लागेल.